गाण्याचा सातबारा

मराठी गाण्याच्या व्यवसायात हातात घेऊन पाहता येईल असा माल आता जवळपास उरलेला नाही. तबकडी गेली, कॅसेट गेली, आणि लग्नाच्या चित्रीकरणापुरती तगून राहिलेली सीडीही पेनड्राइव्हने घालवली. आता विकली जाते ती परवानगी. गाणे ऐकवण्याची, रीलमागे लावण्याची, हॉटेलात वाजवण्याची, चित्रपटात वापरण्याची. परवानगी देण्याचा हक्क ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. गाण्याच्या बाबतीत तो पूर्वीही होताच, पण कॅसेटच्या ढिगाखाली झाकलेला असे. डिजिटल तंत्राने ढीग हलवला. गाणे तयार करणे आणि ते जगभर पोचवणे कधी नव्हे इतके स्वस्त झाले आणि गाणे कुणाचे याची नोंद कधी नव्हे इतकी मोलाची झाली.

कॅसेटने काय मोडले

या बदलाची तालीम कॅसेटच्या काळातच झाली होती. तबकडी दाबायला कारखाना लागे, आणि दीर्घकाळ तो म्हणजे मुख्यतः कोलकात्याजवळच्या दमदमचा ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एचएमव्ही’चा. कोणता गायक मुद्रित व्हावा हे कंपनीचा माणूस ठरवी. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट सत्तरच्या दशकाअखेरीस आखातातून परतणाऱ्या कामगारांच्या टू-इन-वनसोबत भारतात मुरली आणि हा मक्ता ढिला झाला. कोरी फीत, प्रती काढणारे यंत्र आणि एक खोली एवढ्यावर कंपनी उभी राहू लागली.

दर्यागंजात रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरिज उभी केली. जुनी गाणी नव्या आवाजात मुद्रित करण्याची वाट तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात होती, तिचा त्यांनी मनसोक्त वापर केला. महाराष्ट्रात याच फितीने वेगळे काम केले. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ‘वेसावकर आणि मंडळी’ घराघरांत गेली. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी मांडवामांडवांत वाजली. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद हे जत्रेतल्या कॅसेटच्या हातगाड्यांचे तारे झाले. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय संगीताच्या मैफिली कॅसेटवर आणल्या. आकाशवाणी किंवा मोठ्या कंपनीच्या उंबरठ्यावर ज्यांना ताटकळावे लागले असते, असे कितीतरी आवाज कॅसेटमुळे लोकांपर्यंत पोचले.

व्यवहार मात्र जुनाच राहिला. गायक, गीतकार, संगीतकार यांना एकरकमी मानधन, एका कागदावर सही आणि चहा. कॅसेट किती खपली हे कंपनीच सांगणार, आणि बहुधा सांगतच नसे. गाणे गाजले की गायकाला त्याचा मोबदला कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांमधून मिळे. गीतकाराला तोही मार्ग नव्हता. त्या कागदांवरच्या सह्या तीस-चाळीस वर्षांनी कुणी पुन्हा उघडून पाहील, असे सही करणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला वाटले नसावे.

गाणी भरून मिळतील

ध्वनीची फाइल दहा-बारा पटींनी लहान करणारे एमपीथ्री तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडले, आणि १९९५ मध्ये त्या फाइलींना हे नाव मिळाले. अमेरिकेत १९९९ च्या नॅपस्टरने मोठ्या कंपन्यांची झोप उडवली ती घरोघरच्या संगणकांच्या जोरावर. महाराष्ट्रात तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. इथे एमपीथ्री आधी रस्त्यावर आली. एका सीडीवर शंभरावर गाणी, म्हणजे दहाएक कॅसेटींचा ऐवज, मुंबईच्या स्थानकांबाहेर आणि मनीष मार्केटात नगण्य किमतीत मिळू लागला.

त्यानंतर एसटी स्टँडाशेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर पाटी झळकली: ‘गाणी भरून मिळतील’. गिऱ्हाईक मेमरी कार्ड काढून देई. दुकानदाराच्या संगणकात कप्पे तयार असत: भीमगीते, गवळणी, हळदी, डीजे, जुनी मराठी. पाच-दहा मिनिटांत कार्ड भरून परत. या व्यवहारात गाण्याच्या मालकाला एक पैसाही मिळत नव्हता. पण मराठी श्रोत्याची आवड प्रकारवार लावून ठेवणारी पहिली यादी याच टपऱ्यांनी केली. पुढे स्ट्रीमिंग कंपन्यांनी गाजावाजा करून ‘प्लेलिस्ट’ आणली, तिची ही गावठी आणि बिनपरवाना थोरली बहीण. संगीत कंपन्यांनी या टपऱ्यांना परवाने देऊन पाहिले. ते फारसे रुजले नाहीत.

मधल्या काळात कंपन्यांना तगवले ते कॉलर ट्यूनने. महिन्याला तीसेक रुपये, आणि फोन करणाऱ्याला टिंग-टिंगऐवजी गाण्याचा तुकडा. त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनी ठेवी, तरीही उरलेले पैसे खात्रीचे असत, कारण ते थेट रिचार्जमधून कापले जात. श्रोत्याकडून गाण्याचे पैसे वसूल करणारा इतका निर्वेध मार्ग त्याआधी आणि त्यानंतरही सापडलेला नाही.

२०१६ हे वर्ष या सगळ्याचा सांधा ठरले. फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याजवळचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचे दुकान बंद झाले. एप्रिलमध्ये ‘सैराट’ चित्रपट आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी कॅलिफोर्नियात जाऊन सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला होता, आणि तो गावोगाव पोचला मेमरी कार्डावरून, यूट्यूबवरून आणि डीजेच्या भिंतींमधून. सप्टेंबरमध्ये जिओ आले, डेटा कवडीमोल झाला, आणि कार्ड भरून घेण्याचे कारणच संपले.

एक गाणे वर चढते

आज पनवेल किंवा जळगावकडच्या एखाद्या तरुणाचे गाणे बहुधा घरातल्या खोलीत तयार होते. भिंतींना फोम, एक कंडेन्सर माइक, लॅपटॉप, छोटा कीबोर्ड. ढोलकी, संबळ, हलगी यांचे तयार नमुने सॉफ्टवेअरमध्ये असतात. बोटांनी कळा दाबल्या की ताल उभा राहतो. पूर्वी वीस-पंचवीस वादक एका दालनात बसून एका दमात वाजवत. कुणी चुकले तर सगळे पुन्हा. आता ज्याचा-त्याचा ट्रॅक वेगळा मुद्रित होतो आणि बासरीवाला आपला तुकडा घरूनच पाठवतो. गायकाचा सूर हलला तर तो पडद्यावर माउसने ओढून जागेवर आणता येतो. यात सगळ्यात मोठे नुकसान झाले ते रोजंदारीवर वाजवणाऱ्या व्हायोलिन आणि ताल वादकांचे. स्टुडिओतल्या शिफ्टवर ज्यांची घरे चालत, त्यांच्यातल्या अनेकांना शिकवण्या आणि रंगमंचीय कार्यक्रमांकडे वळावे लागले.

गाणे तयार झाले की ते थेट स्पॉटिफाय किंवा जिओसावनला देता येत नाही. मध्ये वितरक लागतो. तो डिजिटल दुकानांत गाणे पोचवतो आणि आपला हिस्सा किंवा वार्षिक शुल्क घेतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. त्यासोबत एक तक्ता भरावा लागतो: गायक कोण, शब्द कुणाचे, चाल कुणाची, संयोजन कुणाचे, मालकी कुणाची, भाषा कोणती. पैसे या तक्त्यावरून वाहतात आणि घोळही इथेच होतात. एकाच गायकाचे नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले गेले की यंत्राच्या लेखी तीन गायक होतात. गीतकाराचा रकाना घाईत मोकळा सुटतो, किंवा तिथे लेबलचेच नाव पडते.

लोकगीत किंवा अभंग असेल तर प्रश्न आणखी अवघड. श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकर यांच्यासाठी बांधलेले तुकोबांचे अभंग घ्या. शब्दांवर कुणाचीच मालकी नाही. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे खळे २०११ मध्ये गेले असल्याने २०७१ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणावरचा हक्क मात्र प्रकाशनापासून ६० वर्षांचा. अशा एका अभंगावर दोन थरांची मालकी, आणि ती दोन वेगवेगळ्या वर्षांत संपणारी. गदिमांनी लिहिलेल्या आणि सुधीर फडके यांनी बांधलेल्या गीतांचेही असेच: गदिमांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेर संपेल, फडके यांच्या चालींवरचा २०६२ अखेर. वितरकाच्या तक्त्यात यातल्या कशालाच जागा नसते. तिथे ‘पारंपरिक’ असा पर्याय निवडून मंडळी पुढे जातात.

रुपयाची वाटणी

एका वेळी ऐकण्याचे इतके पैसे असा काही दर ठरलेला नसतो. स्पॉटिफायसारखी सेवा एका देशात महिन्याभरात वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढते. त्या देशात त्या महिन्यात एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचा जितका वाटा, तितके त्याचे पैसे. गाणे निदान तीस सेकंद वाजले तरच ते ऐकले गेले असे धरतात. म्हणजे लातूरच्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर फक्त भजने ऐकली, तरी त्याची वर्गणी भजनवाल्यांकडे जात नाही. ती सामाईक हौदात पडते आणि त्या महिन्यात ज्यांची गाणी जास्त वाजली त्यांच्याकडे वळते.

हौद देशवार वेगळे असल्याने भूगोलही महत्त्वाचा ठरतो. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती आणि अमेरिकेत दहा डॉलरच्या जवळपास. त्यातही भारतातले बहुसंख्य श्रोते फुकट, जाहिरातींसह ऐकणारे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी माणसाने ऐकलेले एक भावगीत साताऱ्यात ऐकलेल्या त्याच भावगीतापेक्षा कितीतरी जास्त पैसे आणते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना गाणारी मंडळी इतकी प्रिय का, याचे हे एक नवे आणि काहीसे रोकडे कारण.

तळाच्या गायकांना २०२४ पासून आणखी एक अट लागली: बारा महिन्यांत किमान हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाचा मोबदला देत नाही. यूट्यूबवर स्वतःच्या वाहिनीला जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे हा नेहमीचा रस्ता. त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा वाहिनीवाल्याचा. मराठी गाण्याच्या धंद्यात अजूनही खरा आधार यूट्यूबच आहे, कारण श्रोता तिथे एक रुपयाही न देता येतो आणि गाणे ऐकण्यापेक्षा पाहतो.

फुकट ऐकणाऱ्यावर पोसलेल्या काही सेवा मात्र तशा टिकल्या नाहीत. गानाने २०२२ मध्ये फुकट ऐकणे बंद केले, रेसोने २०२४ च्या जानेवारीत भारतातून गाशा गुंडाळला, त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद केले. सेवा बंद पडली की श्रोत्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या तिच्याबरोबर जातात. कपाटातल्या कॅसेटला बुरशी लागायची, पण दुकान बंद पडले म्हणून ती कपाटातून नाहीशी होत नसे. सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार गाणी आत भरलेला ‘कारवाँ’ रेडिओ काढला आणि तो ज्येष्ठांना भेट देण्याची लाट आली, यामागे आठवणींइतकीच ही गोष्टही असावी: इंटरनेट नको, नोंदणी नको, बटण दाबले की गाणे.

दावा आला

यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची व्यवस्था २००७ पासून आहे. कंपन्या आपल्या गाण्यांच्या मूळ फाइली तिथे जमा करतात. नवा व्हिडिओ चढला की यंत्र त्याचा आवाज या साठ्याशी ताडून पाहते. जुळला तर दावा लागतो, आणि त्या व्हिडिओवरचे जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जाऊ शकतात. लग्नाचा व्हिडिओ, गणपतीची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन, सगळे या चाळणीतून जाते. टपरीवर जी गाणी फुकट भरली जात, त्यांच्यावर आता कुणीही वाजवली तरी वसुली होते. संगीत कंपन्यांच्या दृष्टीने ही डिजिटल युगाची खरी कमाई.

पण यंत्र आवाज ओळखते, हक्क ओळखत नाही. रामदासांच्या नावावरची गणपतीची आरती कुणाच्याच मालकीची नाही. तरी एखाद्या भजनी मंडळाने ती नेहमीच्या चालीत म्हणून चढवली, तर तीच चाल असलेल्या कुठल्यातरी व्यावसायिक ध्वनिमुद्रणाशी जुळून दावा लागू शकतो. आक्षेप घेता येतो, दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. गणपती दहा दिवसांत विसर्जन पावतो. व्हिडिओला प्रेक्षक असतात तेही त्याच दहा दिवसांत, म्हणून बहुतेक मंडळे भांडत बसत नाहीत. पोवाडा, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या यांची ध्वनिमुद्रणे जो आधी जमा करील त्याचे पारडे जड. लोकपरंपरेच्या सामाईक गायरानावर अतिक्रमण करणे इतके सोपे असू नये.

सही आणि कायदा

गाण्याच्या पैशांत आपलाही वाटा असावा ही मागणी डिजिटलच्या कितीतरी आधीची. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे पडले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता, असा निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पुरवणी टिपणात गायकाला काहीच हक्क नसल्याकडे संसदेचे लक्ष वेधले होते.

संसदेने लक्ष दिले ते बरेच उशिरा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आग्रहाने बोलले, गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा त्यांना सही करूनही सोडता येणार नाही असा केला. तो फक्त वारसांना किंवा हक्कसंस्थेलाच देता येतो. आणखी एक कलम कमी बोलले जाते, पण डिजिटल काळात तेच जास्त कामाचे: हक्क लिहून देताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याला ते लिखाण लागू होत नाही, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज. जुन्या करारांना हे कलम लागू पडते की नाही यावर वकील भांडतात. पुढच्या करारांची भाषा मात्र त्याने बदलली.

हे पैसे गोळा करणारी संस्था म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस. तिची २०१७ मध्ये नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात रेडिओसाठीचा वैधानिक परवाना इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असे ठरवले, म्हणजे स्ट्रीमिंग कंपनीला गाण्याच्या मालकाशी घासाघीस करणे भाग पडले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एफएम केंद्रांनी गीतकार-संगीतकारांनाही रॉयल्टी द्यावी असे सांगितले. कायदा तर बाजूने आला. अडते ते नोंदीपाशी. सभासदत्व घेतलेले नसेल, आपली गाणी संस्थेकडे नोंदवलेली नसतील, तर पैसे जमा होऊनही कुणाला द्यायचे ते कळत नाही.

तीस सेकंदांची चाल

ऐकणे मोजण्याची पद्धत बदलली की गाण्याची घडणही बदलते. पूर्वी भावगीताला दीर्घ आलाप, मग वाद्यमेळ, मग मुखडा असे. आता तीस सेकंदांच्या आत श्रोता निसटला तर हिशेब शून्य, म्हणून मुखडा जवळजवळ दारातच उभा. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगोलग इन्स्टाग्रामने रील्स आणले, तेव्हापासून गाण्यातला एक पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा आधी रचला जातो आणि बाकीचे गाणे त्याभोवती बांधले जाते. त्यावर नाचता आले पाहिजे, आणि हात कसे हलवायचे हे पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही कळले पाहिजे.

याचे सगळेच वाईट झाले असे नाही. रायगड-ठाण्यातल्या आगरी-कोळी हळदीगीतांना स्वतःचे लेबल, स्वतःचे तारे आणि भरगच्च वाहिन्या मिळाल्या. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही संगीत अधिकाऱ्याने ठरवून हे घडवले नसते. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ चित्रपटाच्या आधाराविना देशभर वाजले, मराठी न समजणाऱ्यांनीही त्यावर रील केले.

अशा यशाचा पैसा मात्र बहुतांशी गाण्यातून येत नाही. गाणे गाजले की सुपाऱ्या वाढतात: गणेशोत्सव, दहीहंडी, वाढदिवस, कॉलेजचे महोत्सव. गाणे ही जाहिरात आणि रंगमंच हे दुकान. कॅसेटच्या काळातही हेच गणित होते, फरक इतकाच की आता व्ह्यूजचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि आयोजक त्यावरून बिदागी ठरवतो. म्हणून आकडा विकत घेण्याचाही बाजार उभा राहिला आहे. जो रंगमंचावर उभा राहू शकत नाही, म्हणजे गीतकार, संयोजक, वादक, त्याच्यासाठी या गणितात फारसे काही नाही.

उसना आवाज

आता मालकीचा प्रश्न गळ्यापर्यंत आला आहे. काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून कुणाच्याही आवाजाची नक्कल करणारी साधने सहज मिळतात. कॉपीराइट गाण्याला असतो, आवाजाच्या पोताला नसतो. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना मनाई केली ती व्यक्तिमत्त्वावरील हक्काच्या आधारे. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असाच दिलासा दिला.

हे रक्षण प्रसिद्ध आवाजांना मिळते, कारण व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा पायाच प्रसिद्धी हा आहे. ऐंशीच्या दशकात चार-दोन कॅसेटी भरून गावाकडे परतलेल्या भारुडकाराचा आवाज यंत्राला शिकवायला घेतला, तर त्याच्या मुलांना आधी तो आवाज आपल्याच वडिलांचा आहे हे दाखवावे लागेल, मग करार शोधावा लागेल, मग ती कंपनी आज कुणी विकत घेतली आहे ते. यंत्राला मात्र यातले काहीच लागत नाही. गायकाचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क कायद्याने ५० वर्षांचा आहे. भारुडकाराने चालीही बांधल्या असतील, तर त्याच्या वारसांना आयपीआरएसचे सभासद होऊन त्या आजही नोंदवता येतात.